समासातली मराठी

'रेबाबा' हा मी शिकलेला पहिला स्पॅनिश शब्द. 'ओला' आणि 'ग्रासियास' नंतर आले.

चाकणच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद बघते. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर मशीनिंग करून गाड्यांचे भाग बनवायचे आणि न्हावाशेव्याहून जहाजाने परदेशी पाठवायचे, हे आमचं काम. आमचं एक गिऱ्हाईक मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात आहे. 2021च्या पावसाळ्यात त्यांच्याकडून तक्रारीची मेल आली. एरवी त्यांच्या मेल इंग्रजीत यायच्या. ही मात्र तिथल्या लाइनवरच्या कुणीतरी घाईत लिहिलेली, चार ओळींची, सगळी स्पॅनिशमध्ये. आम्ही ती नेटवरच्या एका भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये घातली, तिथे 'रेबाबा'चं 'फ्लॅश' झालं. कास्टिंगवाल्यांच्या भाषेत फ्लॅश म्हणजे डायच्या दोन भागांमधल्या फटीतून बाहेर आलेला धातूचा पातळ पापुद्रा. क्वालिटीच्या लोकांनी स्टॉकमधले दोनशे नग काढले, पार्टिंग लाइनवर, म्हणजे त्या फटीच्या जागी, बोट फिरवून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. 'माल ठीक आहे' असं उत्तर गेलं.

दहा दिवसांनी अख्खा लॉट नाकारल्याचा कागद आला. सोबत फोटो होते. ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कड, उभी होती, नखाला लागेल इतकी. रेबाबा म्हणजे फ्लॅश आणि रेबाबा म्हणजे बरही. मेलमध्ये त्याच्या पुढेच 'बार्रेनो' असा शब्द होता. मेक्सिकोतला कारागीर ड्रिलच्या भोकाला बार्रेनो म्हणतो. प्रोग्रॅमने तो शब्द तसाच सोडला होता, आणि आम्हीही सोडला होता.

डीबरिंगला, म्हणजे ही बर काढायला, बसणाऱ्या मुलाला मेमो मिळाला. आयटीआय करून आलेला, राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावचा मुलगा. पहिल्या मेलच्या वेळी तोच मला विचारत होता, "मॅडम, नक्की कुठं म्हणालेत ते?" मी त्याला पार्टिंग लाइन म्हणून सांगितलं होतं.

त्या रात्री घरी मी स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश उघडला. ही अकादमी 1713 सालची, आणि तिचा कोश नेटवर कुणालाही विनामूल्य बघता येतो. रेबाबाचा अर्थ स्पॅनिशमध्येच दिलेला. त्यातला एकेक शब्द पुन्हा शोधत शोधत तासाभरात मी अर्थापर्यंत पोचले. एक तास. मेल आली त्या दिवशी हा तास काढला असता तर लॉट वाचला असता, हे मला फार लागलं. तेव्हाच ठरवलं की ही भाषा शिकायची.

पुण्यात स्पॅनिशचे चांगले वर्ग आहेत, पण फर्स्ट शिफ्टची बस पहाटे पकडणाऱ्या बाईला त्यांच्या वेळा जमत नाहीत. माझ्याकडे होती ती बस. चिंचवडहून भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी करत चाकण. वाहतूक नसली तर चाळीस मिनिटं, असली तर सव्वा तास. जाऊन येऊन आणि रविवार सोडून आठवड्याला दहाएक तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती स्पॅनिश यायला 600 ते 750 तास लागतात असा तिचा अंदाज आहे. आठवड्याला दहा म्हणजे सव्वा ते दीड वर्ष. आकडा डोळ्यांसमोर असला की मला धीर येतो. घराच्या कर्जाचे हप्ते फेडायची सवय होतीच.

सुरुवात केली ती 'लँग्वेज ट्रान्स्फर'च्या ध्वनिफितींनी. मिहालिस एलेफ्थेरियू नावाचा एक माणूस हे काम देणग्यांवर चालवतो. स्पॅनिशचे नव्वद पाठ, जाहिरात नाही, पैसे नाहीत. तो एका विद्यार्थ्याला शिकवतो आणि आपण शेजारी बसून ऐकतो. लिहू नका, पाठ करू नका, फक्त थांबून विचार करा, असं तो सांगतो. मला तो शिक्षक म्हणून फार आवडला. विद्यार्थी चुकला की चूक कुठून आली हे तो हळूच उलगडून दाखवतो. पण त्याची सगळी पायाभरणी इंग्रजीवर आहे. 'नॉर्मल', 'लीगल' असे लॅटिनमधून इंग्रजीत आलेले शब्द घेऊन तो स्पॅनिशचं दार उघडतो. माझं इंग्रजी कागदांपुरतं चांगलं आहे, तरी मी मनात मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जात होते. वाक्य तोंडात येईपर्यंत बस मोशी ओलांडायची.

मग मला त्याच फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा जुना अभ्यासक्रम सापडला. 'स्पॅनिश बेसिक कोर्स', 1950च्या दशकात सुरू झालेला, चार खंड, पंचावन्न धडे, सोबत टेप. अमेरिकेच्या केंद्र सरकारने केलेल्या कामावर तिथल्या कायद्याने कॉपीराइट नसतो, म्हणून कुणाकुणा हौशी माणसांनी त्या टेप आणि ती पानं नेटवर चढवून ठेवली आहेत. पानं टाइपरायटरची, आवाजात टेपची खरखर. जॉन व्हाइट नावाचा वकिलातीतला तरुण अधिकारी लॅटिन अमेरिकेतल्या एका कल्पित देशात येतो, त्याला खोली हवी असते, कपडे धुवायला द्यायचे असतात, असे संवाद. आणि प्रत्येक संवादानंतर सराव. आवाज एक वाक्य म्हणतो, मग नुसता एक शब्द देतो, तो वाक्यात बसवून आपण म्हणायचं, मग तो बरोबर उत्तर म्हणतो. परत पुढचा शब्द. शेकडो वेळा. आजच्या लोकांना हे कंटाळवाणं वाटतं असं ऐकते. माझ्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हटला जायचा, आजोबा पावकी-निमकी म्हणून घ्यायचे. मला ही पद्धत परकी वाटली नाही. पाढा जसा विचार न करता येतो तशी क्रियापदं यायला लागली.

इथे मला एक गोष्ट कळली, आणि ती मनापासून सांगायची आहे. फुकट मिळालेलं आणि मुक्त असलेलं, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, स्पॅनिशमध्ये दोन आहेत: 'ग्रातिस' आणि 'लिब्रे'. नेटवरचं पुष्कळसं साहित्य ग्रातिस असतं. ऐकावं, वाचावं, निघावं. 'रादिओ आम्बुलान्ते' या कार्यक्रमाच्या लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी मी अजून ऐकते, त्यांचा लिखित मजकूरही विनामूल्य मिळतो, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्यातलं पान मी बदलून दुसऱ्याच्या हातात ठेवू शकत नाही. त्या जुन्या सरकारी अभ्यासक्रमाचं मी काहीही करू शकत होते. मी पहिला खंड झेरॉक्स करून घेतला, स्पायरल बाइंडिंग केलं आणि समासात पेन्सिलीने लिहायला लागले. आधी स्पॅनिश शब्दांचे उच्चार लिहिले. उच्चारांवर त्या पुस्तकात पानंच्या पानं आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणायला शिकवावं लागतं, 'प' म्हणताना हवा सोडू नका असं बजावावं लागतं. मी समासात लिहिलं: 'त, ट नव्हे. प, फ नव्हे.' आणि ती पानं उलटली.

सहाव्या-सातव्या धड्याच्या सुमारास मी समासात नुसते उच्चार लिहिणं थांबवलं आणि वाक्यंच मराठीत लिहायला लागले. आणि मग जे झालं त्याने मला बसमध्ये बसल्या जागी हलवून सोडलं.

'मे गुस्ता'. पुस्तक याचा खुलासा इंग्रजीत करतं तेव्हा सगळं उलटं फिरवतं: आवडणारी वस्तू कर्ता, आपण कर्म, जणू वस्तू आपल्याला सुखावते, म्हणून क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून येणारे लोक इथे म्हणे पुन्हा पुन्हा अडतात. मी समासात लिहिलं, 'मला आवडतं'. आंबे असले तर 'मे गुस्तान', मला आवडतात. क्रियापद आंब्यांचं, माझं नाही. आपण हे जन्मापासून बोलतो. समजून घ्यायला काही उरलंच नाही.

पुढे 'बेओ एल बार्को' आणि 'बेओ आ ला निन्या'. मी जहाज बघते, मी मुलीला बघते. माणूस असला की मध्ये 'आ' घालायचा, वस्तू असली की नाही. पुस्तकात त्यावर टीप, अपवाद, सराव. आणि आपला 'ला' प्रत्यय जवळजवळ तसाच वागतो. भूतकाळ दोन आहेत, एक घडून गेलेल्याचा, एक घडत असण्याचा नि सवयीचा; इंग्रजीतून शिकणाऱ्यांना वर्षभर पुरणारी ही डोकेदुखी. मी लिहिलं, 'बोलली' आणि 'बोलायची'. 'पोर' आणि 'पारा' यांचा गुंता 'मुळे' आणि 'साठी' एवढ्याने निम्मा सुटला.

सर्वांत मोठं दान मिळालं ते शेवटच्या खंडाकडे जाताना. 'किएरो के बेंगास'. इथे येणं या क्रियापदाचं रूपच बदलतं, कारण ते येणं अजून घडलेलं नाही, फक्त इच्छेत आहे. सबजंक्टिव्ह म्हणतात त्याला, आणि स्पॅनिशचा सर्वांत अवघड भाग म्हणून त्याचं नाव आहे. आपण काय म्हणतो? 'तू यावंस असं मला वाटतं.' आलास नाही, येशील नाही, यावंस. शाळेत विध्यर्थ म्हणून परीक्षेपुरता शिकले होते, त्याचं पुढे काय काम पडेल हे तेव्हा कळलं नव्हतं. आणि सरकारी पत्रातली आपली मराठी बघा: 'आपण नमुने पाठवावेत ही विनंती.' मेक्सिकोच्या पत्रातही तेच असतं: 'ले पेदिमोस के नोस एन्बिए लास मुएस्त्रास'. मी रोज वाचत होते त्या मेलमधलं क्रियापद 'पाठवावेत' असं म्हणत होतं आणि इंग्रजीच्या वाटेने येताना ते 'पाठवा' होऊन जात होतं. विनंतीचा हुकूम होत होता.

मराठी सगळीकडे कामाला येत नाही, हेही लिहून ठेवते. 'असणे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. आपल्या 'आहे' आणि 'असतो'शी ती जुळतील असं मी धरून चालले आणि महिनाभर चुकीच्या वाटेवर गेले. 'लिस्तो' शब्दाला एका क्रियापदाबरोबर 'तयार' आणि दुसऱ्याबरोबर 'हुशार' असा अर्थ येतो. लॉट तयार आहे असं कळवताना मी लॉट हुशार आहे असं कळवलं होतं. तिकडून दुरुस्त वाक्य आलं, काही न बोलता. 'मानो' म्हणजे हात, शेवटी 'ओ' असूनही स्त्रीलिंगी, आणि आपला हात पुल्लिंगी. तो हात अजूनही कधीकधी माझ्या तोंडात पुरुष होतो. मेक्सिकोत 'आओरिता' म्हणजे आत्ता, पण आपल्या 'आलोच'सारखं ते पाच मिनिटांपासून संध्याकाळपर्यंत ताणतं. हे कुठलं व्याकरण शिकवणार?

आणि काही शब्द आधीपासून घरातच होते. माझं माहेर वसई. 1739 पर्यंत तिथे पोर्तुगीज होते, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पगार, बादली, घमेलं, बिजागरी, मिस्त्री, चावी हे आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेले शब्द. स्पॅनिशमध्ये पैसे देणं म्हणजे 'पागार', बादली 'बाल्दे', बिजागरी 'बिसाग्रा', आणि मिस्त्रीला 'माएस्त्रो' म्हणतात. कस्टम्सच्या कागदांवर रोज 'आदुआना' शब्द बघायचे. तो अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला, मुळात 'दिवाण'. आपला दिवाणही त्याच मुळाचा. न्हाव्याला आपला कंटेनर सीमाशुल्कातून सुटतो आणि मेक्सिकोतल्या मांझानियोच्या बंदरात तो दिवाणासमोर उभा राहतो, असं काहीसं चित्र मला त्या शब्दामुळे दिसायला लागलं.

शब्द पाठ करायला 'अँकी' वापरलं, तेही मुक्त सॉफ्टवेअर. विसरायच्या बेतात आलेला शब्द ते नेमका समोर आणतं. पत्ते मात्र स्वतः करावे लागतात. दुसऱ्याने केलेले तयार पाच हजार शब्द मी एकदा घेतले होते, पंधरा दिवसांत सोडले. मी एका बाजूला स्पॅनिश आणि दुसऱ्या बाजूला मराठी घातली, इंग्रजी कुठेच नाही. कारखान्यातल्या शब्दांसाठी एक युक्ती केली. विकिपीडियावर इंग्रजीत आट्यांचं पान उघडायचं आणि भाषांच्या यादीतून स्पॅनिशवर जायचं. 'रोस्का' मिळतो, चित्रासकट, वाक्यात वापरलेला. शब्दकोशात पाच अर्थांमधून निवडण्यापेक्षा हे बरं.

वाचायला काय घ्यावं यात मी चुकले. सेर्वान्तेसचा 'डॉन किहोते' मुक्त आहे म्हणून तिथूनच सुरुवात केली. 1605 सालची भाषा. दोन पानांत थकले. मग होरासिओ किरोगाच्या जंगलकथा सापडल्या, 'कुएन्तोस दे ला सेल्वा', 1918च्या. किरोगा उरुग्वेचा, 1937मध्ये वारला, त्यामुळे या गोष्टी आता सगळ्यांच्या आहेत. त्यातली एक मी बसमध्ये महिनाभर वाचली. एक आजारी माणूस जंगलात राहायला जातो, जखमी झालेल्या एका प्रचंड कासवाला जगवतो, आणि पुढे तो स्वतः तापाने पडतो तेव्हा ते कासव त्याला पाठीवर बांधून ब्वेनोस आयरेसकडे चालायला लागतं. चालायचं, थांबायचं, पाण्यासाठी त्याला खाली ठेवायचं, पुन्हा चालायचं. वाटेचा बराच भाग त्या '-यचं'च्या भूतकाळात आहे, आणि एखादी गोष्ट एकदाच घडली की रूप बदलतं. ही कथा संपली त्या दिवशी मी कुरुळीच्या सिग्नलला खिडकीबाहेर बघत बसले होते. एका लेखकाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं माझ्यापर्यंत मध्ये कुणीही न येता पोचलं, याचा आनंद मी आधी कधी घेतला नव्हता.

नुसतं घेतच राहावं असं वाटेना. 'तातोएबा' नावाचा वाक्यांचा मुक्त संग्रह आहे. नाव जपानी, अर्थ 'उदाहरणार्थ'. लोक आपापल्या भाषेतलं वाक्य घालतात आणि दुसऱ्या भाषांतल्या वाक्यांना जोडतात. मराठी वाक्यं तिथे हजारोंनी आहेत, कुणीतरी चिकाटीने घातलेली. पण मी बघितलेली बहुतेक इंग्रजीशी जोडलेली होती. मी रोज रात्री पाच वाक्यं घेते आणि मराठीतून थेट स्पॅनिशला जोडते. 'माझ्या हातून पडलं.' 'आई, मला भूक नाही.' 'तुम्ही उद्या यावं.' चूक असली तर कुणीतरी स्पॅनिश भाषक खाली लिहितो, मी दुरुस्त करते.

माझं ते स्पायरलचं पुस्तक एकदा टेबलावर राहिलं होतं. डीबरिंगचा तो मुलगा गेट पासवर सही घ्यायला आला आणि उघडं पान वाचत उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, हे कळतंय की." इंग्रजी त्याला फारसं येत नाही. तो इंग्रजीचा स्तंभ सोडून समास आणि स्पॅनिश एवढंच वाचत होता. मी त्याला पंधरा धड्यांचं झेरॉक्स करून दिलं. कुणाची परवानगी काढायला लागली नाही. पुढच्या पंधरा धड्यांची मी नीट टाइप केलेली फाइलच केली, इंग्रजी पूर्ण काढून. आता ती आमच्याकडे पाचजणांकडे आहे, त्यातल्या दोघांनी मला न विचारता पुढे दिली, आणि ते मला आवडलं.

गेल्या वर्षी नव्या भागाची ट्रायल होती. केरेतारोच्या इंजिनिअर बाईंना व्हिडिओ कॉलवर तपासणी बघायची होती. मेक्सिकोने 2022मध्ये देशाच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं थांबवलं, तेव्हापासून आमच्यात वर्षभर साडेअकरा तासांचं अंतर असतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे रात्रीचे साडेआठ. मी बोलणार आणि डीबरिंगचा तो मुलगा नग दाखवणार असं ठरलं होतं. भोकातली बर तपासायला तो कापसाची काडी वापरतो. आतल्या कडेवरून फिरवली की बर असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. त्याने काडी फिरवली, दिव्यासमोर धरली, कॅमेऱ्याजवळ नेली. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "सिन रेबाबा, इन्खे." बर नाही. तिकडे इंजिनिअरला आपल्या 'साहेब'सारखं 'इन्खे' म्हणतात, हे त्याने कुठल्या धड्यात वाचलेलं नव्हतं. मागच्या कॉलमध्ये ऐकलं होतं.

तेवढ्यात नग निसटला आणि टेबलावर आपटला.

"पेर्दोन," तो म्हणाला. क्षणभर थांबला. मग म्हणाला, "से मे कायो."

माझ्या हातून पडला. मी पाडला असं नाही, आणि आपोआप पडला असंही नाही. त्या पुस्तकाच्या समासात मी पेन्सिलीने लिहिलेलं वाक्य.

"नो पासा नादा," पलीकडून त्या म्हणाल्या. काही हरकत नाही.

त्याने पडलेला नग लाल ट्रेमध्ये टाकला, नवी काडी घेतली आणि दुसरा नग उचलला.